मामांना, प्रबंधात राहून गेलेले आभार

तीर्थस्वरूप मामांस,
साष्टांग नमस्कार.

परवा एमएस्सीच्या मुलींना उंदराच्या अंडाशयाची स्लाइड दाखवत होते. एकीनं विचारलं, "मॅडम, इतकं लहान टिश्यू कापायला तुम्हाला कुणी शिकवलं?" मी तुमचं नाव सांगितलं, आणि सांगता सांगताच लक्षात आलं की माझ्या प्रबंधात ते कुठेच नाही. आभाराच्या पानावर मार्गदर्शक आहेत, विभागप्रमुख आहेत, ग्रंथपाल आहेत, आई-बाबा आहेत. सगळ्यात खाली एक ओळ आहे : 'तसेच विभागातील सर्व शिक्षकेतर कर्मचारी'. मामा, त्या ओळीत तुम्हाला बसवलं याची मला लाज वाटते. तो प्रबंध कुणीही कपाटातून काढून वाचू शकतं, म्हणून हे पत्रही सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय. नाव छापू नको, असं तुम्ही फोनवर बजावलंत. तेव्हा आपलं मामाच.

तुमचं पद होतं प्रयोगशाळा परिचर. कागदावर तुमचं काम काचसामान धुणं, बाटल्या भरणं, प्रॅक्टिकलची मांडामांड करणं. प्रत्यक्षात मराठवाड्यातल्या त्या विभागात तळमजल्यावरचा मायक्रोटोम, म्हणजे टिश्यूचे बारीक काप करणारं यंत्र, फक्त तुमच्याच हाताला वश होता. आम्ही संशोधन करणारी मुलं-मुली तुमच्याकडे मेणात बसवलेल्या टिश्यूचे ब्लॉक द्यायचो आणि संध्याकाळी स्लाइडी न्यायला यायचो. मीही पहिले काही महिने तेच केलं.

मग ते सहा अंडाशय झाले.

आमच्या कामाला नैतिक समितीनं मोजून उंदीर मंजूर केले होते. एका गटात सहा. एक टिश्यू बिघडलं म्हणून दुसरा उंदीर आणू, अशी सोय नव्हती आणि नसावीच. पहिल्या गटाचे अंडाशय काढले, फॉर्मलिनमध्ये नीट फिक्स केले, म्हणजे कुजू नयेत असे टिकवले, आणि भिंतीवर चिकटवलेलं वेळापत्रक बघून पुढचं सगळं करत गेले. टिश्यूतलं पाणी काढायच्या, चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलच्या पायऱ्या झाल्या. शेवटची एसटी सहाची होती, म्हणून टिश्यू रात्रभर झायलिनमध्ये (ते अल्कोहोल काढून मेणाला वाट करून देतं) ठेवून घरी गेले. दुसऱ्या दिवशी मेणात घातले, ब्लॉक केले, मायक्रोटोमवर चढवले. चाक फिरवलं तर एकाला एक चिकटलेल्या कापांची रिबन येतेय, पण मधोमध भोक. टिश्यूच्या जागी भुगा. कडेचं मेण तेवढं शाबूत. जिथं थोडं टिश्यू टिकलं होतं, तिथं पडद्याच्या पट्ट्यांसारख्या समांतर भेगा.

तुम्ही ब्लॉक खिडकीपाशी नेलात, नखानं हलकेच टोकरून बघितलंत आणि विचारलंत, "ते भिंतीवरचं वेळापत्रक कशाचं आहे, माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. ते बकरीच्या यकृताचं होतं. कुणीतरी फार पूर्वी खाटिकाकडून आणलेल्या तुकड्यांसाठी लिहिलेलं. पाच मिलिमीटर जाडीच्या तुकड्याला जेवढा वेळ लागतो, तेवढा मी मोहरीहून जेमतेम मोठ्या गोळीला दिला होता. अल्कोहोलनं त्यातलं पाणी केव्हाच काढून घेतलं होतं. त्यानंतरचा प्रत्येक तास त्याला कोरडं, ठिसूळ करत गेला, आणि रात्रभराच्या झायलिननं त्याची पार काच केली.

मी रडायच्या बेतात होते. तुम्ही म्हणालात, "पोरी, जीव गेलाय त्याचा. एवढ्यात टाकून द्यायचं नाही." तोवर तुम्ही मला मॅडम म्हणायचात.

त्यानंतरचे दिवस मला अजून तासातासाने आठवतात. तुम्ही ब्लॉकचं तोंड टिश्यू उघडं पडेपर्यंत अलगद छाटलंत. बशीत बर्फ, बर्फावर ओला कापूस, आणि त्या कापसावर ब्लॉक उपडा. अर्धा-पाऊण तास. उघड्या पडलेल्या टिश्यूत वरवर थोडं पाणी मुरतं आणि आठ-दहा काप सलग मिळतात. ते संपले की पुन्हा भुगा, पुन्हा ओला कापूस, पुन्हा थांबणं. दोन मिलिमीटरचं अंडाशय पाच मायक्रॉननं कापायचं म्हणजे चारशे काप. मला त्यातल्या पुटिका, म्हणजे अंडपेशी वाढतात त्या पिशव्या, मोजायच्या होत्या, त्यामुळे काप क्रमानं हवे होते. एका अंडाशयाला दोन-दोन दिवस गेले. तुमची सुटी साडेपाचला व्हायची आणि तुम्ही आठ-आठ वाजेपर्यंत त्या स्टुलावर बसून असायचात. जेवणाच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यासाठी ठेवायचात. सहापैकी चार अंडाशय मोजण्याजोगे निघाले. माझ्या प्रबंधातल्या पहिल्याच तक्त्यात त्या गटापुढे सहाऐवजी चार आकडा आहे, आणि तो चारही तुमच्यामुळे आहे.

पुढच्या गटाच्या वेळी तुम्ही मला शेजारी उभं केलंत आणि पहिल्यापासून शिकवलंत. तेव्हा मी काहीच लिहून घेतलं नव्हतं, हातानंच लक्षात ठेवलं होतं. आता लिहिते, कारण आमच्याकडच्या मुलींना हे कुठल्या पुस्तकात एका जागी मिळत नाही.

अंडाशय काढताना चिमट्यात अंडाशय धरायचं नाही, भोवतालची चरबी धरायची. मधोमध चिमटलं की तिथल्या पेशी चेंगरतात आणि ते नंतर कशानंही झाकत नाही. चरबी सोडवायची ती सलाइनमध्ये बुडवून, कारण दोन मिनिटं हवेवर राहिलं तरी एवढंसं टिश्यू कडेनं सुकतं. फॉर्मलिन बफर घातलेलंच हवं आणि टिश्यूच्या वीसपट तरी. साधं फॉर्मलिन ठेवून ठेवून आंबट होतं, मग प्लीहेसारख्या रक्ताळ टिश्यूत काळपट तपकिरी ठिपके पडतात. बाटलीत चिठ्ठी टाकायची ती शिसपेन्सिलीनं लिहिलेली. शाई अल्कोहोलमध्ये गेली की कुठला उंदीर कुठल्या गटातला, ते देवालाच ठाऊक.

अल्कोहोलच्या पायऱ्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या. नव्वद टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये इओसिनचा एक थेंब टाकायचात तुम्ही. मला वाटलं होतं चुकून पडला. पण तेवढ्यानं फिकट टिश्यू गुलाबी होतं, आणि मेणात बुडवल्यावर पांढऱ्यात पांढरं शोधायची पाळी येत नाही. ॲबसोल्यूट अल्कोहोलच्या बरणीत तळाला भाजून पांढरा केलेला मोरचूद असायचा, वर गाळणकागद. मोरचूद निळा पडला की अल्कोहोलनं पाणी ओढलं, ते बदलायचं. झायलिनमध्ये घड्याळ बघायचं नाही, टिश्यूकडे बघायचं. काळ्या कागदावर बाटली धरून ते काचेसारखं पारदर्शक झालं की लगेच बाहेर. दहा मिनिटांत होईल, पंधरा मिनिटांत होईल, त्याचं तेच सांगतं. आणि झायलिन दुधाळ झालं तर पाणी राहिलंय, गुपचूप मागं अल्कोहोलमध्ये. मेणाच्या तीन बदल्या, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या, पुरेत.

ब्लॉक कापताना तुम्ही त्यावर तोंडानं 'हा' करून वाफ सोडायचात, आरशावर सोडतात तशी. थंडीत हवा कोरडी असली की रिबन उडून ब्लेडला, बोटाला, कशालाही चिकटायची. तुमच्या एका फुंकरीनं ती निमूट ब्रशवर यायची. चकचकीत बाजू खाली करून कोमट पाण्यावर सोडायची. पाणी मेणाच्या वितळण्याच्या दहा-बारा अंश खाली, म्हणजे सुरकुत्या निघतात आणि मेण विरघळत नाही. स्लाइडीला लावायचं अल्ब्युमिन तुम्ही घरूनच करून आणायचात : अंड्याचा पांढरा बलक, तेवढंच ग्लिसरीन, गाळून, थायमॉलचा एक खडा घालून. एक टिपका, करंगळीनं पसरायचा आणि मग जवळजवळ पुसून टाकायचा. जास्त राहिलं तर तेही रंग धरतं आणि काचेवर मळ दिसतो.

रंगाचं तर काय सांगू! हिमॅटॉक्सिलिन हे पेशींच्या केंद्रकांना रंग देणारं द्रव्य मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडच्या एका झाडाच्या गाभ्यातून काढतात, असं मी पुस्तकातून वाचून दाखवलं, तर तुम्ही पटकन म्हणालात, "म्हणजे आपला खैर आणि कात." तेव्हापासून मी वर्गात तसंच सांगते. मुलांना ते लगेच कळतं.

एक गोष्ट मात्र मला तुमच्यापासून लांब आल्यावर कळली. तिथं हिमॅटॉक्सिलिन झाल्यावर स्लाइडी नळाखाली धरल्या की दोन मिनिटांत लालसर जांभळ्या केंद्रकांचा रंग स्वच्छ निळा व्हायचा. मी समजत होते की हे असंच होतं. इथं कोकणात आले, पहिल्याच बॅचला नळाखाली दहा मिनिटं धरलं तरी रंग लालसरच. रंगाची बाटली बदलली, तरी तेच. शेवटी तुम्हाला फोन केला. तुम्ही विचारलंत, "तिकडं चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो का?" नाही बसत. तिथलं पाणी बोअरचं, जड, अल्कलीकडे झुकलेलं. इथलं जांभ्यातलं, मऊ, किंचित आंबट. हिमॅटॉक्सिलिन निळं व्हायला अल्कली लागते. "चिमूटभर खायचा सोडा टाक पाण्यात," म्हणालात. टाकला. मिनिटभरात निळं झालं, आणि मी एकटीच त्या सिंकपाशी उभी राहून हसत होते.

आणखी एक सांगायचं आहे, ते सोपं नाही. तुमच्या बोटांना कायम भेगा असायच्या, थंडीत त्यातून रक्त यायचं. झायलिन त्वचेतलं तेल काढून घेतं. फॉर्मलिनचा कॅन उघडताना तुम्ही आम्हाला व्हरांड्यात पाठवायचात आणि स्वतः एकटे आत थांबायचात, खिडक्या उघड्या टाकून, तोंडाला रुमाल बांधून. फॉर्मलिनमधल्या फॉर्मल्डिहाइडमुळे माणसाला कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच ठरवलं होतं. तेव्हा आम्ही ते शिकतही होतो, परीक्षेत लिहीतही होतो, आणि व्हरांड्यात उभे राहून तुम्ही हाक मारायची वाट बघत होतो. तुम्हाला हातमोजे मिळावेत, वाफा बाहेर ओढून घेणारं धुरांडं बसावं, म्हणून आमच्यातल्या कुणीही एक अर्ज केला नाही. मीसुद्धा नाही. त्याबद्दल मी तुमची मनापासून क्षमा मागते. इथं रुजू झाल्यावर पहिली मागणी धुरांड्याची केली आणि दोन वर्षं पाठपुरावा करून ते बसवून घेतलं. आमच्या परिचर ताई आता त्याच्याआडच फॉर्मलिन ओततात, नायट्राइलचे हातमोजे घालून.

आमच्या भिंतीवरही एक वेळापत्रक लावलंय. त्यात दोन रकाने आहेत. एक पाच मिलिमीटरच्या तुकड्यांचा. दुसरा दोन मिलिमीटर आणि त्याहून लहान टिश्यूंचा, आणि त्याच्या डोक्यावर 'मामांची वेळ' असं लिहिलंय. नव्या मुली विचारतात, मग मी सांगते.

त्या चार अंडाशयांच्या स्लाइडी मी जपून इथं आणल्या आहेत. काचेखाली काप चिकटवायचं डीपीएक्स कडेनं थोडं पिवळं पडलंय, पण रंग अजून जसाच्या तसा आहे. तुम्ही त्या कापल्यात, रंगवल्यात, पण त्या गडबडीत निवांत बसून बघितल्याच नाहीत. गणपतीनंतर पाऊस कमी होतो, तेव्हा मामींना घेऊन या. एसटी थेट आहे. मायक्रोस्कोप खिडकीशी लावून ठेवते.

तुमची,
तळमजल्यावरची पोरगी