वॉरंटीत तीनदा तक्रार केलेला गिअरबॉक्स वॉरंटीनंतर निकामी: दुरुस्तीचा पूर्ण खर्च कंपनीने उचलण्याबाबत

दिनांक: 25 नोव्हेंबर 2024

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख,
मुख्य कार्यालय

प्रत: व्यवस्थापक, अधिकृत सर्व्हिस सेंटर, पुणे

महोदय,

14 जून 2019 रोजी मी पुण्यातील आपल्या वितरकाकडून सात स्पीडची ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गाडी घेतली. माझ्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. क्लच दाबणे जमत नाही, म्हणून त्याच मॉडेलच्या मॅन्युअल गाडीपेक्षा सव्वा लाख रुपये जास्त मोजले. तीन वर्षांची वॉरंटी पैसे भरून आणखी दोन वर्षे वाढवून घेतली. ती 13 जून 2024 ला संपली. त्यानंतर साडेचार महिन्यांच्या आत, 26 ऑक्टोबरला, 47,310 किलोमीटरवर गिअरबॉक्स बंद पडला. दुरुस्तीचे एस्टिमेट 3,15,500 रुपयांचे आहे. "वॉरंटी संपली, आता आमच्या हातात काही नाही," असे मला काउंटरवर तोंडी सांगण्यात आले.

वॉरंटी संपली हे मला मान्य आहे. बिघाड वॉरंटीनंतर सुरू झाला हे मान्य नाही. तो केव्हा सुरू झाला ते आपल्याच सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डांवर लिहिलेले आहे.

11 मार्च 2023 रोजी, 33,180 किलोमीटरला, मी पहिल्यांदा तक्रार केली. सिंहगड रस्त्याच्या गर्दीत पहिल्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना गाडी हिसका देत होती. कार्डवर शेरा आहे: "सॉफ्टवेअर अपडेट केले, गाडी ओके." पंधरा दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. 6 जानेवारी 2024 ला, 41,050 किलोमीटरला, दुखणे वाढलेले होते. सिग्नलवरून निघताना पायाखाली थरथर जाणवायची, आणि सोसायटीच्या चढावर रिव्हर्स घेताना गाडी क्षणभर पकडच घेत नसे. त्या दिवशी टेस्ट ड्राइव्हला बरोबर आलेला मेकॅनिक मला म्हणाला, "मॅडम, क्लच नीट पकडत नाहीये." परत आल्यावर कार्डवर मात्र लिहिले गेले: "नॉर्मल कॅरॅक्टरिस्टिक."

तिसऱ्या वेळेबद्दल मला सर्वांत जास्त वाईट वाटते. 18 मे 2024 ला मी केवळ याच कामासाठी रजा काढून आले. सर्व्हिस ॲडव्हायझरना स्पष्ट सांगितले, "पुढच्या महिन्यात वॉरंटी संपतेय. गिअरबॉक्स एकदा पूर्ण तपासा, काही बदलायचं असेल तर आत्ताच बदला." हे वाक्य तक्रारीच्या रकान्यात लिहा असा आग्रह धरला, म्हणून ते कार्डवर आहे. त्याखाली शेरा एका ओळीचा: "टेस्ट ड्राइव्ह घेतली, ओके." कोणते फॉल्ट कोड (गाडीच्या संगणकात नोंदले जाणारे बिघाडाचे संकेत) वाचले, क्लचची झीज किती निघाली, याचा एक शब्दही नाही. माझ्यासारख्या ग्राहकाने याहून वेगळे काय करायला हवे होते, हे आपण मला सांगावे.

26 ऑक्टोबरला दिवाळीसाठी आईला घेऊन मी कराडला निघाले होते. खंबाटकी घाट चढताना ट्रकांची रांग लागली होती, गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती. दुसऱ्या वळणानंतर डॅशबोर्डवर गिअरची अक्षरे एकदम लुकलुकू लागली. ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसते गुरगुरले, काटा तीन हजारांवर गेला, गाडी तसूभर पुढे सरकली नाही. ब्रेकवरचा पाय सैल झाला तशी ती मागे घसरू लागली. मागे भरलेला ट्रक होता. मी हँडब्रेक ओढून धरला. त्या ट्रकच्या क्लीनरने उडी मारून रस्त्याकडेचा दगड आमच्या मागच्या चाकाखाली सारला. 74 वर्षांची माझी आई दरवाजावरचे हँडल दोन्ही हातांनी धरून बसली होती. टो व्हॅन येईपर्यंत तिने ते सोडले नाही. आपण ही तक्रार केवळ खर्चाची समजू नये, म्हणून हे सविस्तर लिहिले आहे.

सर्व्हिस सेंटरने तपासणीत हायड्रॉलिक दाब पुरेसा नसल्याचा कोड आणि क्लच जळाल्याचे सांगितले. मेकॅट्रॉनिक युनिट (गिअरबॉक्सचे क्लच चालवणारा भाग) 1,88,000 रुपये, क्लच सेट 96,000 आणि मजुरी, तेल वगैरे 31,500. मी तंत्रज्ञ नाही, पण एवढ्या पैशांची गोष्ट म्हणून समजून घेतले. या गिअरबॉक्सला दोन क्लच असतात, एक विषम गिअरसाठी आणि एक सम गिअरसाठी. माझ्या गाडीत ते ड्राय प्रकारचे आहेत, म्हणजे थंड ठेवायला तेलात बुडालेले नसतात. गाडी रांगत चालली की क्लच अर्धवट लागून घासतो आणि तापतो. तो कधी आणि किती लागावा हे मेकॅट्रॉनिक ठरवते. त्यातला दाब टिकेनासा झाला की क्लच घसरतो, झिजतो, आणि शेवटी गाडी जागची हलत नाही. आधी हिसके, मग थरथर, मग पकड सुटणे, मग बंद: हाच क्रम माझ्या तीन जॉब कार्डांत आणि घाटातल्या प्रसंगात आहे. हा बिघाड चार महिन्यांत आकाशातून पडलेला नाही.

या सगळ्यावर ॲडव्हायझरांनी मला ऐकवले की चूक माझ्या चालवण्याच्या सवयीची आहे, मी गर्दीत गाडी फार रांगवते. पुण्यात विकलेली ऑटोमॅटिक गाडी पुण्याच्या गर्दीत रांगणारच. त्याच सोयीसाठी लोक ती घेतात. वितरकाने विकताना "ट्रॅफिकसाठी एकदम बेस्ट" हेच शब्द वापरले होते, आणि 2019 पासून झालेल्या एकाही सर्व्हिसिंगमध्ये मला अशी सूचना कुणी दिली नाही. ग्राहकाच्या सवयीवर बोट ठेवण्याचा हा प्रकार नवा नाही. ऑस्ट्रेलियात दुसऱ्या एका कंपनीच्या, फोर्डच्या, ड्युअल क्लच गाड्यांच्या बाबतीत ग्राहकांना असेच सांगितले गेले होते. तक्रारी हाताळण्याच्या त्या पद्धतीबद्दल तिथल्या फेडरल कोर्टाने एप्रिल 2018 मध्ये फोर्ड ऑस्ट्रेलियाला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. कंपनी वेगळी आणि गिअरबॉक्सही वेगळा, हे मला माहीत आहे. पण उत्तर तेच असल्यामुळे त्याची आठवण करून द्यावीशी वाटली.

14 नोव्हेंबरला आपल्या विभागीय अधिकाऱ्यांनी फोनवर 'गुडविल' म्हणून सुट्या भागांवर 20 टक्के सूट देऊ केली. म्हणजे 56,800 रुपये कमी होऊन मी 2,58,700 भरायचे. ही सूट मी नाकारत आहे. वेळेवर सांगूनही न केलेल्या कामासाठी मी पैसे मागते आहे, सवलत नाही.

माझी मागणी अशी. मेकॅट्रॉनिक, क्लच सेट आणि मजुरी यांचा पूर्ण खर्च कंपनीने उचलावा, आणि बदललेल्या भागांवर किमान दोन वर्षांची लेखी वॉरंटी द्यावी. 18 मे च्या तपासणीत वाचलेले फॉल्ट कोड आणि आत्ताचा तांत्रिक अहवाल, दोन्हींच्या प्रती मला द्याव्यात. मे महिन्यात कोड वाचलेच नसतील तर तसे लेखी कळवावे. गाडी 28 ऑक्टोबरपासून वर्कशॉपमध्ये उभी आहे, तिचे पार्किंग भाडे लावू नये. आणि काढलेले जुने भाग माझ्या समक्ष सील करून ठेवावेत, भंगारात देऊ नयेत. वाद ग्राहक आयोगापुढे गेला तर ते प्रयोगशाळेत तपासावे लागतील.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करणार आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार निष्काळजीपणा करणे आणि ग्राहकाला आवश्यक माहिती मुद्दाम न देणे ही सेवेतील त्रुटी ठरते, आणि अर्जासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 क्रमांकावर, तक्रार आधीच नोंदवली आहे. आयोगापर्यंत जाण्याची मला हौस नाही. पाच वर्षे ही गाडी मी मनापासून जपली, एकही सर्व्हिसिंग बाहेर केले नाही, आणि ती पुन्हा रस्त्यावर यावी एवढेच मला हवे आहे.

तिन्ही जॉब कार्डे, वाढीव वॉरंटीची पावती, एस्टिमेट आणि टो व्हॅनचे बिल यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. उत्तर कृपया फोनवर न देता लेखी द्यावे.

आपली ग्राहक,
(सही)
सिंहगड रस्ता, पुणे