राग येतो तेव्हा

नाशिक

प्रिय सुनील,

तुझं पत्र दोनदा वाचलं. काकांवर दिवसातून एकदा तरी ओरडणं होतं आणि मग रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, असं लिहिलंयस. ‘माझ्यात दयामायाच उरली नाही का?’ अरे, आहे म्हणून तर झोप उडते.

माझं ऐक, इगतपुरीला धम्मगिरी या ध्यानकेंद्रात एक शिबिर करून ये. ते सुरू करणारे गोएंका गुरुजी ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना ही ध्यानपद्धत शिकले आणि १९६९ साली ती घेऊन भारतात आले. हे काही फक्त भिक्खूंचं काम नाही. १९९४ साली तिहार तुरुंगात हजारभर कैदी एका शिबिरात बसले होते.

तिथे सुरुवात मैत्रीपासून, म्हणजे सगळ्यांचं भलं व्हावं या भावनेपासून, होत नाही, आणि मला तेच योग्य वाटतं. पहिले तीन दिवस नुसतं आनापान: नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. चौथ्या दिवशी विपश्यना देतात. मग डोक्यापासून पायापर्यंत मन फिरवत संवेदना बघायच्या. अधिष्ठानाला, म्हणजे न हलण्याच्या निश्चयाने बसताना, तासभर हात, पाय, डोळे उघडायचे नाहीत. थोड्या वेळात गुडघा पेटतो. तिथेच बघत राहिलं की कळतं, ही सलग कळ नाहीच. ठणका येतो, सरकतो, विरतो, पुन्हा येतो. आणि ‘नको, नको’ म्हणणारं मन त्याहून वेगळं असतं. अनित्य, म्हणजे काहीच टिकत नाही, हे नुसतं ऐकलं ती श्रुतमयी प्रज्ञा, विचाराने पटलं ती चिंतनमयी. गुडघ्यात कळलं ती भावनामयी, आणि ऐन वेळी उभी राहते ती हीच.

काका तेच ते पुन्हा विचारतात तेव्हा बघ. आधी तुझी कानशिलं तापत असतील, छाती आवळत असेल, श्वास आखूड होत असेल. शब्द नंतर सुटतात. ती तापलेली कानशिलं वेळीच जाणवली, की समोरचा माणूसही दिसतो. आई मध्यरात्री पिशवी भरून ‘घरी चल’ म्हणायची, तेव्हा मला तिच्या हट्टाआधी तिची घाबरलेली नजर दिसायला लागली, ती या साधनेमुळेच. पिशवी हातात घेऊन मी तिच्याशेजारी बसायचो.

मंगल मैत्री दहाव्या दिवशी शिकवतात, मौन सुटतं त्या दिवशी. तोवर आपला राग आपण इतका जवळून पाहिलेला असतो, की दुसऱ्याचा परका वाटत नाही.

फी नाही; शिबिर संपल्यावर इच्छेने दान द्यायचं. जाण्यायेण्याचे धरून बारा दिवस मोकळे ठेव, फोन जमा करावा लागतो. तेवढे दिवस काकांजवळ मी येऊन राहतो. त्यांच्या औषधांच्या वेळा आणि चहात साखर किती, ते लिहून ठेव. तारीख कळव, म्हणजे मी रजा टाकतो.

तुझा,
विजय