गणिताच्या तासाला घरचा हप्ताही मांडा

महोदय,
बार्शीत मी आठवीला गणित शिकवते. चक्रवाढ व्याजाची उदाहरणे मुले भराभर सोडवतात. पण घरच्या कर्जाचा हप्ता कसा ठरला, हे त्यांना उमगत नाही. १२,००० रुपये १२ टक्क्यांनी घेऊन वर्षभरात समान मासिक हप्त्यांनी फेडले, तर पूर्ण मुद्दलावर व्याज १,४४० रुपये आणि घटत्या शिल्लकेवर सुमारे ८००. दर तोच! तसेच, मेअखेर बँक खात्यात वार्षिक हप्त्याचे २० रुपये नसतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे २ लाखांचे अपघाती संरक्षण थांबू शकते, हे कितीतरी पालकांना ठाऊक नसते. शिक्षण विभागाने यासाठी आठवड्याला एक तास द्यावा. पाठ्यपुस्तकातली रक्कम नको. खरे करारपत्र, अर्थात नावे झाकून, फळ्यावर मांडू द्या.

— एक गणित शिक्षिका, बार्शी