कौले उतरवण्याआधी

मंगळवेढा,
दि. १० मे

प्रिय वसंत,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र परवा मिळाले. चिपळूणचे जुने कौलारू घर उतरवून त्या जागी आमच्याकडे असते तसे सपाट गच्चीचे घर बांधण्याचे तू जवळजवळ नक्की केले आहेस, आणि ‘तुमच्याकडे चालते ते आमच्याकडे का चालू नये?’ असे विचारले आहेस. मिस्त्रीला विसार देण्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडावे, म्हणून आजच लिहायला बसलो आहे. उत्तर थोडे लांबेल, कारण तुझ्या आणि माझ्या गावातला फरक सह्याद्रीने केलेला आहे आणि तो छपरापासून जेवणाच्या ताटापर्यंत सगळीकडे पोचलेला आहे.

पावसाची तयारी उन्हाळ्यातच सुरू होते. एप्रिल-मे महिन्यांत जमीन समुद्रापेक्षा कितीतरी लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, आणि तिथे हवेचा दाब कमी झाला की थेट विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून वारे निघतात. विषुववृत्त ओलांडल्यावर पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरचे बाष्प घेऊन नैर्ऋत्येकडून कोकणच्या किनाऱ्याला लागतात. पुढे सह्याद्री आडवा असल्यामुळे त्यांना वर चढण्यावाचून गत्यंतर नसते. वर दाब कमी, म्हणून हवा प्रसरण पावते. प्रसरण पावली की थंड होते. आणि थंड झाली की अंगचे बाष्प तिला सांभाळता येत नाही. तुमच्याकडे आषाढात आठ-आठ दिवस जी झड लागते ती यामुळे. चिपळुणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, घाटमाथ्यावर महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या आसपास. तिथून रस्त्याने जेमतेम बत्तीस किलोमीटर उतरून वाईला आलास की तोच आकडा हजाराच्याही आत येतो. माथा ओलांडलेल्या हवेने बरेचसे पाणी आधीच टाकलेले असते, आणि खाली उतरताना ती दाबली जाऊन तापते, त्यामुळे उरलेसुरले ढगही विरत जातात. आमच्या सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला वर्षाकाठी साधारण साडेपाचशे मिलिमीटर येतात. आषाढात आमच्याकडेही आभाळ भरलेले असते, वारा सुसाट असतो, दिवसभर ढग पूर्वेकडे धावत असतात, आणि खाली रस्त्यावर धूळ उडत असते. इथे राहायला आल्यावर पहिल्या वर्षी हे बघून मला फार अस्वस्थ वाटले होते.

आमचा खरा पाऊस तुमचा ओसरू लागला की येतो. इथे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. नैर्ऋत्येचा जोर कमी झालेला असतो, दुपारच्या उन्हाने तापलेली दमट हवा सरळ वर चढते, आणि बंगालच्या उपसागरावरून आलेल्या कमी दाबाच्या क्षेत्रांचाही हातभार लागतो. म्हणून उत्तरा आणि हस्त ही नक्षत्रे इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी सतत असतात. हत्तीचा पाऊस विजा-गडगडाटासह दुपार कलल्यावर येतो, तास-दोन तास कोसळतो आणि निघून जातो. तेवढ्यावर ज्वारीची पेरणी होते, आणि पुढे एखादीच सर आली तरी पीक उभे राहते, कारण ते वरच्या पावसावर वाढतच नाही. काळ्या मातीने खोलवर धरून ठेवलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दहिवरावर वाढते. माघात रान बघायला ये. वरची माती भेगाळलेली असते, भेगेत हात कोपरापर्यंत जातो, आणि बोटांना तळाशी गारवा लागतो. त्या ओलीवर मालदांडी ज्वारीची कणसे भरतात. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात ते यामुळे. दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारे लोकांसाठी खुली केल्याची कथाही याच गावची. तुमच्या ताटात भात आणि आमच्या ताटात भाकरी हा आवडीनिवडीचा प्रश्न कधीच नव्हता.

पिण्याच्या पाण्याचे मात्र वेगळे आहे, ते आम्ही घाटमाथ्याच्या जिवावर पितो. भीमेचे आणि तिला मिळणाऱ्या नद्यांचे पाणी उजनी धरणात येते आणि तिथून आमच्याकडे. त्यामुळे असेही घडते, की पंढरपुरात ऊन पडलेले असते, आसपास आठवडाभर थेंब पडलेला नसतो, आणि पुणे जिल्ह्यातल्या घाटात धो-धो पाऊस झाला म्हणून चंद्रभागेच्या वाळवंटातली मंदिरे पाण्याखाली जातात. तुमच्याकडेही अशी उलटापालट आहेच: कोयनेचे पाणी मुळात पूर्वेला, कऱ्हाडकडे जाणारे, पण वीज करण्यासाठी डोंगराच्या पोटातून पोफळीला उतरवले जाते आणि शेवटी तुमच्या वाशिष्ठीला मिळते.

आता घरांकडे येतो. आमच्या जुन्या घरांवर माळवद असते: लाकडी कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी या थरावर नवी माती टाकून तो चोपून घेतात, आणि थोडासा उतार देऊन पाणी एका पन्हळीतून बाहेर काढतात. साडेपाचशे मिलिमीटरांना, तेही तुटक तुटक येणाऱ्या, एवढे पुरते. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा ही माती आणि दोन-दोन हात रुंदीच्या भिंती दिवसभर ऊन आत येऊ देत नाहीत. रात्री हवेत बाष्प कमी असल्यामुळे जमिनीची उष्णता सरळ आभाळात निघून जाते, म्हणून माणसे माळवदावर निजतात आणि पहाटे पांघरूण ओढून घेतात. दिवसा त्याच जागी कुरडया आणि मिरच्या वाळतात. हवा कोरडी असल्यामुळे माठातले पाणी भराभर झिरपून उडते आणि आतले पाणी गार होते. कूलरही त्याच नियमाने चालतो. तुमच्याकडे हवाच ओली, तिथे माठ नावालाच गार होतो, कूलर तर खोलीत आणखी दमटपणा भरतो, आणि तेहतीस अंशांतही अंगावरचा घाम वाळत नाही. तापमापकावरचा आकडा आमचा मोठा, पण जिवाची तलखी तुमच्याकडे जास्त होते, हे मी दोन्हीकडे राहून अनुभवले आहे.

तुझे कौलारू घर या ओल्या हवेसाठीच बांधलेले आहे. उतरते पाखे पाणी थांबू देत नाहीत. पुढे आलेली वळचण पागोळ्या भिंतीपासून लांब टाकते, आणि हे महत्त्वाचे, कारण भिंतींचा जांभा दगड सच्छिद्र असतो व पाणी ओढून घेतो. पडवीमुळे पावसातही दार उघडे ठेवता येते. आणि कौलांच्या फटींतून घरातली दमट हवा बाहेर जाते. श्रावणात आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असताना बंद स्लॅबखाली कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते हे वहिनींना विचार, त्यांच्या माहेरच्या नव्या घरात त्यांनी ते पाहिले आहे. शिवाय तुझ्याच आळीत बघ: ज्यांनी सपाट स्लॅब घातला, त्यांनी दोन-तीन पावसाळ्यांनंतर त्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे चढवलेच. म्हणजे उताराचा खर्च शेवटी चुकला नाही, उलट दुप्पट झाला.

पाऊस पूर्वीसारखा राहिलेला नाही, असे तू लिहिले आहेस, आणि ते खरे आहे. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते, म्हणून आता पडतो तेव्हा थोड्या वेळात फार पडतो. १४ ऑक्टोबर २०२० रोजी उपसागरावरून आलेल्या तीव्र कमी दाबाच्या पट्ट्याने सोलापूर जिल्हा झोडपून काढला, तेव्हा आमच्या गल्लीतली काही माळवदे पाणी पिऊन बसली. शतकभर टिकलेले छप्पर एका रात्रीत गेले. आमच्याकडे ही गत, तर २२ जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर पाहिलेल्या तुला मी अधिक काय सांगू? तू सपाट गच्ची घालावीस हे माझ्या मनाला पटतच नाही.

तरीही वासे किडले आहेत आणि कौले परतायला माणसे मिळत नाहीत, या तुझ्या अडचणी खऱ्या आहेत. तेव्हा भिंती नव्या बांध, हवा तर माळ्याला स्लॅब घाल, पण वर उतरते छप्परच ठेव. लाकडाऐवजी लोखंडी सांगाडा केलास तर वाळवीची काळजी मिटेल आणि जुनी चांगली कौले त्यावर पुन्हा बसतील. वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूची वळचण निदान हातभर जास्त पुढे काढ आणि तिकडे मोठ्या खिडक्या ठेवू नकोस. जोते २०२१ च्या पुराच्या खुणेपेक्षा वर घे. भिंतीवरची ती खूण पाडकामात जाईल, म्हणून आधी मोजून ठेव. आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू होण्याच्या, आत काम उरकणार नाही हे उघड आहे, तेव्हा यंदा फक्त कौले चाळून घे आणि मोडतोड दिवाळीनंतर काढ. नकाशा तयार झाला की मला पाठव, मी सुट्टीत येऊन मिस्त्रीशी बोलेन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव