कॅप्टनसाहेब, फोन लेकीकडे द्यायला सांगितलंत त्याबद्दल

कॅप्टनसाहेबांना सप्रेम नमस्कार.

लेकीला पायलट व्हायचंय, तिचं क्लास वन मेडिकल, म्हणजे पायलटची मोठी वैद्यकीय तपासणी, झाली; फिट आली. घरात पेढे वाटून झाले आणि पहिली आठवण तुमची आली.

तुमचा नंबर माझ्या भावाच्या ओळखीतून मिळाला होता. रात्री फोन केला तेव्हा तुम्ही नुकतेच ड्युटी संपवून निघाला होतात. मागे विमानतळावरच्या घोषणा चालू होत्या. मी एका दमात सगळं ओतलं: विमान कंपनीच्या कॅडेट प्रोग्रामला घालू की कन्व्हेन्शनलने, म्हणजे आपलं आपण एकेक टप्पा करत, जाऊ दे, कर्ज किती काढू, तासगावची द्राक्षबाग तारण ठेवू का. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "ताई, फोन जरा लेकीकडे द्या. विमान ती उडवणार आहे."

त्याआधी पुण्या-मुंबईत ज्या पायलट कोर्सवाल्यांच्या केबिनमध्ये बसून आलो, त्यांतल्या एकानेही तिच्याकडे धड पाहिलं नव्हतं. कोटीच्या घरातला आकडा असा सांगायचे, जणू पावशेर भेंडी मागतायत. वर "आज बुकिंग केलंत तर सवलत". सातबारा कोणाच्या नावावर आहे हे विचारलं, पण पोरीला रंग नीट ओळखता येतात का, हे कोणी विचारलं नाही.

तुम्ही पहिलं तेच विचारलंत. आधी क्लास टू मेडिकल, मग क्लास वन, तोवर कोणाला रुपया द्यायचा नाही, हे तुम्ही तिला सांगितलंत. माझ्या पोरीने तो सगळा वेळ जिन्यात उभं राहून वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. ते पान मी नंतर वाचलं. कॅडेटला तुम्ही नावं ठेवली नव्हतीत. ग्राउंड स्कूल म्हणजे वर्गातल्या अभ्यासापासून टाइप रेटिंग म्हणजे ठरावीक विमानाच्या प्रशिक्षणापर्यंत सगळं एका छताखाली होतं, निवड आधीच होते, ऐपत असेल तर चांगलंच आहे. पण कंपनीचं पत्र कंपनी चालू असेपर्यंतच कामाचं. 2019 मध्ये जेट एअरवेज थांबली, 2023 मध्ये गो फर्स्ट ही विमान कंपनी. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, मात्र स्वतःच्या नावावर राहतं. कन्व्हेन्शनलमध्ये डीजीसीएच्या (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) पेपरांचा अभ्यास घरी बसून करता येतो, 200 तासांचं फ्लाइंग त्यानंतर, आणि पैसेही टप्प्याटप्प्याने जातात. मध्येच वाटलं की हे आपलं काम नाही, तर बाग शाबूत राहते. खाली तिने दोनदा अधोरेखित केलं होतं: "नोकरीची हमी कुठेच नाही."

हे एवढं स्पष्ट आम्हाला फी घेणाऱ्यांनी सांगितलं नाही, तुम्ही फुकट सांगितलंत. दिवसभर उडून दमलेला माणूस अनोळखी पोरीशी अर्धा तास बोलतो, तेही "अहो जाहो" करून! तिला तेच सगळ्यात आवडलं. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांची पोरं असल्या वाटेला जायचं धाडस करतात.

मेट (हवामानाचा पेपर) आणि रेग्युलेशन्स सुटलेत. नेव्हिगेशनचा अभ्यास चालू आहे, आणि आरटीआरची, म्हणजे रेडिओवर बोलण्याच्या परीक्षेची, धास्ती तिने आत्तापासूनच घेतली आहे. त्यासाठी ती तुम्हाला परत त्रास देणार, सांगून ठेवते.

आणि पत्ता कळवा. यंदाचा बेदाणा चांगला झालाय, पाच किलोची पेटी काढून ठेवली आहे. नको म्हणायचं नाही.

तुमची,
एक ताई, तासगाव