रश्श्यातला बटाटा कच्चा का राहतो?

संपादक महोदय,

रश्श्यात अर्धा तास उकळूनही फोडी टणक राहिल्या की बटाट्याला नावे ठेवली जातात. दोष बहुधा टोमॅटो, चिंच किंवा कोकमाचा असतो. आंबटपणामुळे फोडीतले पेक्टिन, म्हणजे पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारा पदार्थ, सहज विरघळत नाही. मग गॅस कितीही वाढवा! सारख्या, साधारण दोन सेंटिमीटरच्या फोडी आधी मीठ घातलेल्या पाण्यात शिजवाव्यात. सुरी सहज आरपार गेली की मगच आंबट घालावे. चिमूटभर सोड्याने बटाटा लवकर शिजतो खरा, पण फोडींचा लगदा होतो.

अख्खे मोठे बटाटे उकळत्या पाण्यात टाकू नयेत. बाहेरून पीठ होते, गाभा मात्र कच्चाच. गार पाण्यातच चढवून मंद उकळी ठेवावी.

– एक वाचक