अण्णांचा चेहरा

प्रिय बंड्या,

आठ महिने झाले, तुला एक ओळ नाही. अण्णांच्या बाराव्याला आलास, गाडी चुकेल म्हणून न जेवता निघालास, आणि मी साधा फोन केला नाही. रागावला असशील तर रागाव, पण पत्र पुरं वाच. तब्येत बरी आहे, साखर ताब्यात.

लेकीकडे इटलीला जाऊन आलो. व्हेनिसला का' रेझोनिको म्हणून कालव्याकाठचा जुना वाडा आहे, आता संग्रहालय. वरच्या मजल्यावर एका लहानशा खोलीत शिरलो आणि जागीच थांबलो. भिंतींवर, छतावर, जिकडेतिकडे संकासूर! आपला शिमग्यातला काळा, हे पांढरे. तीच उंच निमुळती टोपी. काळा मुखवटा, चोचीसारखं नाक, पाठीला कुबड. पुल्चिनेल्ला, इटलीच्या मुखवटेवाल्या नाटकातलं नेपल्सचं सोंग. खादाड म्हणून प्रसिद्ध. सुटलेलं पोट पाहून पहिली आठवण तुझीच झाली.

काढणारा दोमेनिको त्येपोलो. बाप मोठा, राजवाड्यांची छतं रंगवणारा. बाप असेपर्यंत पोरगा त्याच्या हाताखाली. १७७० मध्ये बाप माद्रिदला वारला. पुढे दोमेनिकोने व्हेनिसजवळच्या झियानिगो गावातल्या आपल्या घराच्या भिंती रंगवल्या, कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देणार नव्हतं. ही खोली १७९७ ची. त्याच साली नेपोलियनपुढे व्हेनिसचं राज्य बुडालं, आणि सत्तरीचा हा माणूस घरात बसून झोपाळ्यावरचा पुल्चिनेल्ला काढत होता. वाड्यात आहेत ती तिथल्या भिंतींवरून सोलून आणलेली चित्रं. शिवाय मुलांच्या करमणुकीसाठी म्हणून १०४ रेखाटनं केली: टर्कीच्या अंड्यातून जन्म, लग्न, तुरुंग, मरण, सगळा संसार. त्यात एकाचाही मुखवटा उतरत नाही. तरी दमलेला कोण, प्रेमात पडलेला कोण, प्यालेला कोण, पाठीच्या बाकावरून कळतं रे!

तुला हे का लिहितोय, ते तुझ्या लक्षात आलं असेल. अण्णांचं चित्र मला जमत नाही. अकरा वेळा काढलं. नाक, डोळे, कपाळावरची खूण, सगळं जिथल्या तिथे, आणि अण्णा नाहीत. घरात खाली मान घालून जेवणारा माणूस. त्यांचा चेहरा आम्ही पाहिला कुठे? शिमग्यात मुखवटा चढला, कमरेला घुंगरू बांधले, की खोताच्या अंगणात ते असे नाचायचे की आईसुद्धा ओळखत नसे. मला तेच अण्णा काढायचेत. पण वर्षश्राद्धाला आई भिंतीवर चेहरा मागणार. तिला संकासूर कसा दाखवू? तोंड झाकलं तर बापाला लपवलं असं होईल का? रात्र रात्र हेच.

होस्टेलवर तू म्हणाला होतास, संकासूर काढ. मी म्हणालो, गावचं सोंग कॅनव्हासवर कशाला? चार दिवस बोलला नाहीस. मग वातो या फ्रेंच चित्रकाराचा पिएरो समोर आपटलास, पांढऱ्या कपड्यांतला विदूषक, नुसता उभा. मी म्हटलं, याला मुखवटा नाही, म्हणून याचं दुःख दिसतं. तू म्हणालास, चेहरा झाक आणि लोंबणारे हात बघ. तेव्हा मी हट्टाने पान उलटलं. तुझं बरोबर होतं. (मात्र माझा सेबलचा ब्रश तूच हरवलास, त्यावर मी आजही ठाम आहे.)

वहिनींचा गुडघा कसा आहे? धाकट्याला नोकरी लागली असं ऐकलं, फार बरं वाटलं. घराचं काम उरकलं का?

आता कामाचं. त्या शिमग्याला तू माझ्या आजीच्या पदराआड लपला होतास, आणि मी डाव्या पायाच्या वाकड्या बोटावरून अण्णांना ओळखून तुझ्या कानात सांगितलं होतं. तू कुणाला बोलला नाहीस. ते बोट मी काढलंय, बरोबर आलंय. पण गिरकी घेताना ते कुठला खांदा आधी टाकायचे? मला डावा आठवतो, पण काढला की खोटा दिसतो. तू जवळून पाहिलंयस. आठवून उलटटपाली कळव. तोवर तेवढी जागा कोरी ठेवली आहे.

तुझा,
शिऱ्या